नाही म्हणता न येणारी शाळा

२०२४ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्राच्या शाळाप्रवेशात एक चमत्कारिक गोष्ट घडली. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागा एका वर्षात आठपटींहून जास्त वाढल्या आणि अर्ज मात्र पाचव्या हिश्शावर आले. आदल्या वर्षी सुमारे १ लाख १ हजार जागांसाठी ३ लाख ६४ हजार अर्ज आले होते. आता ७६ हजार शाळांतल्या ८ लाख ८६ हजार जागा पोर्टलवर दिसत होत्या, आणि अर्जांची गाडी सत्तर हजारांच्या आतच अडली.

कारण ९ फेब्रुवारी २०२४ च्या राजपत्रात होतं. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला २५ टक्के प्रवेशातून सूट, अशी दुरुस्ती शासनाने नियमांत केली. पुण्यासारख्या शहरात असा परीघ कुठे सापडणार, जिथे महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही? म्हणजे नामवंत खासगी शाळा यादीतून गेल्या आणि त्यांच्या जागी जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळा आल्या. त्या शाळांत प्रवेश तसाही मिळतोच. मग अर्ज करायचा कशासाठी, असं पालकांनी ठरवलं. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी दुरुस्तीला स्थगिती दिली, १९ जुलैला दुरुस्तीच रद्द केली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. स्थगितीनंतर जुन्या पद्धतीने नोंदणी पुन्हा सुरू झाली तेव्हा जागा १ लाख ५ हजारांवर आल्या आणि अर्ज २ लाख ४२ हजारांवर गेले.

शाळा निवडण्याचा हक्क म्हणजे काय आणि तो कुठे संपतो, हे या आकड्यांमधून चांगलं कळतं. पुण्यातल्या एका मुलाला डोळ्यांसमोर ठेवून ही व्यवस्था पायरीपायरीने पाहू.

चार प्रकारच्या शाळा

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलांना पहिली ते आठवी मोफत आणि सक्तीचं शिक्षण ही त्याची चौकट. या कायद्याने शाळांचे चार गट केले आहेत. पहिला गट शासनाच्या आणि स्थानिक संस्थांच्या शाळांचा. पुण्यात तो म्हणजे महापालिकेच्या मराठी, इंग्रजी, उर्दू, कन्नड माध्यमांच्या शाळा. दुसरा अनुदानित शाळांचा: इमारत संस्थेची, शिक्षकांचा पगार शासनाचा. पेठांमधल्या शंभरीपार केलेल्या अनेक मराठी शाळांचे वर्ग याच गटात मोडतात. तिसरा केंद्रीय विद्यालय, नवोदय, सैनिकी अशा विशेष शाळांचा. चौथा विनाअनुदानित खासगी शाळांचा.

चौथ्या गटाला कायद्याचं कलम १२ सांगतं की प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा परिसरातल्या दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्या आणि आठवीपर्यंत त्यांना मोफत शिकवा. खासगी शाळांनी याला आव्हान दिलं होतं. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना मात्र त्यातून वगळलं, आणि २०१४ च्या आणखी एका निकालाने सगळ्याच अल्पसंख्याक शाळा कायद्याबाहेर गेल्या. त्यामुळे पुण्यातल्या काही जुन्या, नावाजलेल्या शाळांची नावं पालकांना आरटीईच्या यादीत कधीच दिसत नाहीत.

अर्ज, नकाशा आणि सोडत

अर्ज कोण करू शकतं? वंचित घटकात अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, विशेष मागासवर्ग, दिव्यांग मुलं, एचआयव्हीबाधित किंवा प्रभावित मुलं, अनाथ मुलं येतात. जातीचा दाखला महाराष्ट्राचा लागतो. परराज्यातला चालत नाही. दुर्बल घटकात वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांच्या आत असलेली बाकीची कुटुंबं येतात, आणि त्यांना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. पहिलीसाठी मुलाचं वय ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवं.

अर्ज ऑनलाइन भरायचा. त्यात घराची जागा नकाशावर खूण करून दाखवायची आणि जास्तीत जास्त दहा शाळा निवडायच्या. या खुणेला फार महत्त्व आहे, कारण जागा वाटताना आधी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणारी मुलं धरतात, मग एक ते तीन किलोमीटरमधली, आणि जागा उरल्या तर त्यापलीकडची. नकाशा सरळ रेषेत मोजतो. मुठेच्या एका काठावरचं घर आणि दुसऱ्या काठावरची शाळा त्याला जवळच वाटतात. मुलाला मात्र पुलाला वळसा घालून जावं लागतं. खूण चुकीच्या जागी पडली आणि पडताळणीत पत्ता जुळला नाही, तर लागलेला नंबर हातचा जातो.

पत्त्याचा पुरावा म्हणून रेशनकार्ड, आधार, वीजबिल, घरपट्टी अशी कागदपत्रं चालतात. भाड्याने राहणाऱ्यांना दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, किमान अकरा महिन्यांचा भाडेकरार लागतो. चाळीत, वस्तीत राहणाऱ्या कुटुंबाची अडचण इथेच होते. घरमालक तोंडी बोलीवर खोली देतो; करार नोंदवायचा म्हटलं की टाळाटाळ करतो. अर्जाची मुदत संपत आली की वडापावच्या गाड्यावर काम करणारा बाप आणि चार घरची धुणीभांडी करणारी आई रजा टाकून सेतू केंद्र, सायबर कॅफे आणि घरमालकाचं दार अशा चकरा मारत असतात. मदत करायला कुणी कार्यकर्ता भेटला तर नशीब.

मग सोडत. ती राज्यासाठी एकदाच काढतात, आणि तीही पुण्यात. २०२५-२६ ची सोडत १० फेब्रुवारी २०२५ रोजी निघाली. राज्यात सुमारे १ लाख ९ हजार जागा होत्या, अर्ज ३ लाख ५ हजार. एकट्या पुणे जिल्ह्यात साडेअठरा हजारांच्या आसपास जागांसाठी साठ हजारांवर अर्ज होते. म्हणजे तिघांपैकी दोघांना घरी परतायचंच होतं. ज्यांचा नंबर लागला त्यांनी नुसत्या एसएमएसवर विसंबायचं नाही. पोर्टलवरून ॲलॉटमेंट लेटर काढायचं, पडताळणी समितीकडे मूळ कागद दाखवायचे, आणि मगच शाळेत जायचं. जी शाळा मिळाली ती नाकारली तर त्या वर्षीची संधी संपते. प्रतीक्षा यादीतल्यांना जागा रिकाम्या होतील तसं बोलावतात.

अंतरावर प्रवेश आणि जागा कमी पडल्या तर चिठ्ठी, ही पद्धत पुण्याने शोधलेली नाही. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत सरकारी शाळांचे प्रवेश घराच्या अंतरावर ठरतात, आणि चांगल्या शाळेजवळच्या घरांचे भाव त्यामुळे चढतात. ब्रायटन शहराने २००८ पासून जागांपेक्षा मुलं जास्त झाली की सोडत आणली, ती याच कारणाने. महाराष्ट्राने अंतर आणि सोडत दोन्ही एकत्र केली. त्यामुळे उंबरठ्यावर गुण नाहीत, मुलाखत नाही, देणगी नाही. शाळेने मुलाची किंवा पालकांची चाचणी घेतली तर कलम १३ प्रमाणे पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

पैसा कुणाचा

मुलाकडून फी घ्यायची नाही, तर शाळेला पैसे कोण देणार? शासन. पण कितीही नाही. शासन स्वतः एका मुलावर जेवढा खर्च करतं ती रक्कम किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी जी कमी असेल ती. महाराष्ट्रात ही मर्यादा अनेक वर्षं मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये आहे. कोविडच्या वर्षी ती ८ हजारांवर आणली होती. पुण्याच्या बऱ्याच इंग्रजी शाळांची फी याच्या कितीतरी पट आहे, आणि ही प्रतिपूर्तीही वेळेवर मिळत नाही अशी संस्थाचालकांची कायमची तक्रार असते. प्रवेशाच्या हंगामात त्यांच्या संघटना बहिष्काराचा इशारा देतात तो यावरून.

शासन आणि शाळा यांच्यातल्या या हिशेबाचा चटका मुलाला बसतो. शिकवणीची फी नसते, पण बस, सहल, स्नेहसंमेलन, खासगी प्रकाशनाची पुस्तकं, दोन प्रकारचे गणवेश यांची यादी हातात पडते. अर्ज करताना फक्त ‘मोफत’ हा शब्द पाहिलेल्या पालकाने शाळा निश्चित करण्यापूर्वी हा वरचा खर्च त्याच शाळेत आधी शिकणाऱ्या आरटीईच्या मुलांच्या पालकांना विचारून घ्यावा.

मूल हलतं तेव्हा

इथपर्यंतची गोष्ट सगळ्या वर्तमानपत्रांत दर वर्षी येते. पुढची फारशी येत नाही.

समजा, कोथरूडमध्ये आरटीईतून पहिलीत गेलेली मुलगी तिसरीत असताना वडिलांचं काम हडपसरला गेलं आणि कुटुंबाने तिथे खोली घेतली. आता काय? आरटीईची मोफत जागा मुलीला मिळाली होती, पण ती शाळेला बांधलेली होती. हडपसरच्या खासगी शाळेत तिला तिसरीत मोफत जागा मागता येत नाही, कारण २५ टक्के प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गात होतात. नव्याने अर्जही करता येत नाही. एकदा लाभ घेतला की दुसऱ्यांदा नाही.

मग कायद्यात शाळा बदलण्याचा हक्क आहे तो कोणता? तो कलम ५ मध्ये आहे, आणि बारकाईने वाचण्यासारखा आहे. मूल ज्या शाळेत आहे तिथे आठवीपर्यंत सोय नसेल, किंवा राज्यात वा राज्याबाहेर कुठल्याही कारणाने त्याला शाळा बदलावी लागली, तर दुसऱ्या शाळेत बदली मागण्याचा त्याला हक्क आहे. मात्र त्यातून तिसरा आणि चौथा गट वगळलेला आहे. म्हणजे मुलाला हक्काने जाता येतं ते महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत. खासगी शाळेचं दार एकदाच, पहिलीच्या वेळी, चिठ्ठीने उघडतं. त्यानंतर वर्षाचे बारा महिने ज्या शाळेला मुलाला परत पाठवण्याची मुभा नाही ती सरकारी शाळा. वर्षाच्या मध्यात आलं म्हणून नाही, वयाचा दाखला नाही म्हणून नाही, मागची इयत्ता झाली नाही म्हणूनही नाही. दहा वर्षांचं मूल कधीच शाळेत गेलं नसेल तर त्याला वयानुरूप वर्गात बसवायचं आणि बरोबरीला आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं, असं कलम ४ सांगतं.

एलसी आणि ‘रिक्वेस्ट’

शाळा बदलताना पहिला शब्द कानावर येतो तो एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. तो ताबडतोब देणं मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाखला नाही किंवा उशिरा आला, या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. कोविडच्या काळात फी थकल्यामुळे अनेक खासगी शाळांनी दाखले अडवले. तेव्हा जून २०२१ मध्ये शासनाने नववी-दहावीसाठीही दाखल्याअभावी प्रवेश नाकारू नये अशा सूचना दिल्या.

कागदाचा दाखला अडला नाही तरी ऑनलाइन नोंद अडते. २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत आणि आता केंद्राच्या ‘यू-डायस प्लस’मध्ये प्रत्येक मुलाची नोंद असते, त्यात मुलाला ११ अंकी कायम क्रमांक मिळतो. मूल नव्या शाळेत आलं की जुन्या शाळेने त्याला आपल्या यादीतून सोडायचं आणि नव्या शाळेने ओढून घ्यायचं. कुठल्याच शाळेने न घेतलेली मुलं ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये पडून राहतात. ‘रिक्वेस्ट टाकली आहे, तिकडून अजून ॲप्रूव्ह झाली नाही’ हे वाक्य जूनमध्ये कुठल्याही शाळेच्या कार्यालयात ऐकू येतं. आधारवरचं नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव यांत एका वेलांटीचा फरक असला तरी काम खोळंबतं. तेव्हा पालकांनी एवढं करावं: जुन्या शाळेकडे लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, मुलाचा कायम क्रमांक लिहून घ्यावा, आणि ऑनलाइन नोंद व्हायची वाट न पाहता मुलाला नव्या वर्गात बसवावं. नोंद पूर्ण करणं शाळांचं काम आहे. त्यापायी मुलाचे दिवस बुडवायचं कारण नाही.

पट आणि पद

जुनी शाळा मुलाला सोडायला का कुरकुरते? यामागे नेहमी द्वेष असतो असं नाही, गणित असतं. शाळेला किती शिक्षक मिळणार हे पटावर ठरतं. कायद्याच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, होते. समजा पट ६१ आहे आणि एक मूल गेलं, तर एक पद जातं आणि एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून दुसरीकडे जातो. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत अनुदानित आणि सरकारी शाळांचे शिक्षक वस्त्यांमध्ये मुलं शोधत दारोदार फिरताना दिसतात. याच गणितातून खोटा पट दाखवण्याचा रोगही आला. तो उघडा पाडण्यासाठी ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी करावी लागली. आधार जोडण्याचा आजचा हट्ट त्यानंतरचा आहे.

थोडक्यात, मूल हललं की पैसा खासगी शाळेत त्याच्यामागून जात नाही, पण सरकारी शाळेतून शिक्षक मात्र जातो. पालकांनी शाळा निवडली की त्याची किंमत मागे राहिलेल्या मुलांचा वर्ग मोजतो. दोन इयत्ता एका शिक्षकाकडे आल्या की उरलेले पालकही दुसरी शाळा शोधू लागतात.

साइटवरची मुलं

सगळ्यात जास्त शाळा बदलणारी मुलं मात्र निवड करणाऱ्या पालकांची नसतात. बाणेर-बालेवाडी, वाघोली, मोशी इथे इमारती उभ्या राहतात तिथे मराठवाड्यातून, उत्तर कर्नाटकातून, मध्य प्रदेश, छत्तीसगड, बिहारमधून आलेली कुटुंबं पत्र्याच्या खोल्यांत राहतात. स्लॅब पडले की मुक्काम हलतो. या कुटुंबांकडे भाडेकरार नसतो, परराज्यातल्यांकडे महाराष्ट्राचा जातीचा दाखलाही नसतो, त्यामुळे २५ टक्क्यांच्या पोर्टलवर त्यांना जागाच नसते. कायद्याने मात्र त्यांना विसरलेलं नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं, म्हणजे इथे महापालिकेचं, कर्तव्य आहे, असं कलम ९ स्पष्ट सांगतं. राज्यात ऊसतोड मजुरांसारख्या कुटुंबांच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे: मूल काय शिकलं याची नोंद त्यावर करून द्यायची आणि पुढच्या शाळेने ते पाहून वर्गात घ्यायचं.

पण साइटवरून शाळेपर्यंत मुलाला कोणी न्यायचं? रजनी परांजपे यांनी पुण्यात १९९३ पासून चालवलेल्या डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्थांनी साइट शोधणं, मुलांची मोजणी करणं, जवळच्या महापालिका शाळेत त्यांचं नाव घालणं, ने-आण करणं ही कामं वर्षानुवर्षं केली. या मुलांसाठी शाळा ‘निवडली’ जात नाही. जवळ कुठली आहे एवढंच पाहिलं जातं. आणि जवळची शाळा बहुधा महापालिकेची असते.

आठवीनंतर

कायदा आठवीपर्यंतच पुरतो. आरटीईतून शिकलेल्या मुलाला नववीत त्याच शाळेत राहायचं तर पूर्ण फी भरावी लागते. त्या वर्षी बरीच कुटुंबं पुन्हा अनुदानित शाळेकडे वळतात. मात्र इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलाला अनुदानित इंग्रजी तुकडी जवळपास मिळणं सोपं नसतं. म्हणून हा विचार सहावी-सातवीतच करावा. दहावीनंतर खेळच बदलतो: २०२५ पासून राज्यभर एकाच ऑनलाइन यादीतून अकरावीचे प्रवेश होतात, दहा पसंती देता येतात, पण तिथे अंतर नाही, चिठ्ठी नाही, मार्क बोलतात.

ज्यावर सगळं उभं आहे

यावरून कुणी म्हणेल की पालकांना सरकारी शाळा नकोच असते. तसं नाही. शिवदर्शनच्या राजीव गांधी ई-लर्निंग या महापालिकेच्याच शाळेत प्रवेशासाठी रांग लागते. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेची प्रतीक्षा यादी राज्यभर गाजली. खेडच्या जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२५ मध्ये जागतिक पुरस्कारापर्यंत पोहोचली. पालकांची धाव शिकवण्याकडे आणि इंग्रजीकडे असते. फलकावर मालक कोण लिहिला आहे याकडे नंतर.

२५ टक्क्यांची सोडत हवीच, कारण श्रीमंत शाळेच्या वर्गात वेगळ्या घरातलं मूल बसण्याचा दुसरा मार्ग या शहरात नाही. पण सोडतीत न आलेली दोन मुलं, तिसरीत घर बदललेली मुलगी, नववीत फी न परवडणारा मुलगा आणि साइटवरून आलेली भावंडं ही सगळी शेवटी एकाच शाळेत येतात. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची योजना राज्याने पुणे जिल्ह्यातल्या पानशेतच्या समूह शाळेचा नमुना दाखवून मांडली, तेव्हा चर्चा बसच्या खर्चावर झाली. विचारायचा प्रश्न वेगळा होता. बदलीचा हक्क कायद्यात आहे, तो बजावण्याचं ठिकाण चालत जाण्याच्या अंतरावर राहिलं पाहिजे. पुढच्या सोडतीचे आकडे छापून येतील तेव्हा पुणेकरांनी आपल्या प्रभागातल्या महापालिका शाळेचा पट, शिक्षकांची मंजूर आणि भरलेली पदं, आणि वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलांची संख्या हे तीन आकडेही विचारावेत. शहरात निवड किती खरी आहे ते त्यांवरून कळेल.